सित्लालीचे पद्रीनो

८ सप्टेंबर, रविवार

फरशी बसवायला घेण्याआधी मी जमिनीचा उतार लिहून ठेवतो. मागाहून कुणी म्हणायला नको की बार्रागानने वाकडं काम केलं; जमीन मुळात कशी होती ते लिहिलेलं असलेलं बरं. सित्लालीच्या कॉलेजचं कामही आजपासून तसंच लिहायचं ठरवलं आहे. तिचं शाळेचं हे शेवटचं वर्ष.

जमीन अशी आहे. मुलगी वर्गात दुसरी. पहिला आहे तो डॉक्टरचा मुलगा, आणि रसायनशास्त्रात तो तिच्या मागे आहे हे मी मार्क बघून सांगतो, बाप म्हणून नव्हे. ती तीन वर्षांची असताना आम्ही तिला मेक्सिकोतल्या मिचोआकानहून इकडे अमेरिकेत, जॉर्जियात आणलं. तिच्याकडे इथे राहण्याचे कागद नाहीत, माझ्याकडे नाहीत, माझ्या बायकोकडे, ओफेलियाकडे नाहीत. कागद नसलेल्याला सरकार शिक्षणासाठी छदाम देत नाही. उलट सरकारी कॉलेजात फी तिप्पट घेतं, जणू आम्ही कालच दुसऱ्या राज्यातून बॅग घेऊन उतरलो. तेव्हा शिष्यवृत्ती हवी, आणि ती कागद न विचारणारी हवी.

ओफेलिया म्हणाली, अशी असते का? मी म्हटलं, शोधणाऱ्याला असते. माझी शाळा तिसरीपर्यंतची. इंग्रजी मी पानं गळालेल्या शब्दकोशातून शिकलो, गुण्या आणि ओळंबा दुसऱ्यांच्या हाताकडे बघून. आज या गावातल्या अर्ध्या डॉक्टरांच्या न्हाणीघरात माझी फरशी आहे. शोधण्याबद्दल मला कुणी शिकवू नये.

१९ सप्टेंबर

शाळेत गेलो. कामाचे कपडे बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलांना कॉलेजबद्दल सल्ला देणारी बाई आहे, मिस ऑलरेड. वय तिशीचं, बोलणं गोड, टेबलावर पसारा. तिने शिष्यवृत्त्यांची यादी छापून दिली, चांगली जाडजूड. मी तिथेच पट्टी आणि पेन्सिल काढली. नागरिकत्व मागणारी खोडली. नऊ आकडी सरकारी नंबर मागणारी खोडली. ती बिचारी थांबून राहिली. शेवटी जे उरलं ते एका पानात मावलं.

"मिस्टर बार्रागान," ती म्हणाली, "या लोकांचं सगळं निबंधावर असतं. तुमच्या घराची गोष्ट सांगावी लागेल."

मी म्हटलं, आमची गोष्ट चांगली आहे. सांगू.

६ ऑक्टोबर

सित्लालीचा निबंध वाचला. इंग्रजी उत्तम, एकही चूक काढता आली नाही. पण मजकूर पटला नाही. पहिलंच वाक्य असं की, माझे वडील दिवसभर गुडघ्यांवर असतात आणि संध्याकाळी त्यांना उठताना खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. पुढे ओफेलिया मोटेलमध्ये परक्यांच्या चादरी बदलते ते. पुढे मी पोलिसांची गाडी दिसली की बोलायचं थांबतो ते.

मी म्हटलं, हे काढ. मी कारागीर आहे, तसं लिही. गुडघ्यांवर भिकारी असतो.

"अपा," ती म्हणाली, "त्यांना गुडघेच पाहिजेत."

मी म्हटलं, मग त्यांना माझे मिळणार नाहीत. तिला डोकं आहे. डोक्यावर द्यायचं तर द्या. तिने सगळं खोडलं. नवा निबंध नदीच्या पाण्याबद्दल आहे, गालिच्यांच्या गिरण्या त्यात काय काय सोडतात त्याबद्दल. स्वच्छ, नेटका. मला आवडला. तिच्यासाठी एक शिफारसपत्रही मी स्वतः लिहून दिलं, सुवाच्य अक्षरात. तिने ते फार जपून दप्तरात ठेवलं. कोणाला पाठवलं ते विचारायचं राहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी कोंपाद्रे कुको आला. त्याचं खरं नाव रेफुहियो, पण त्या नावाने त्याला फक्त पाद्री बोलावतो. आम्ही एका गावचे, लहानपणी एकत्र शेळ्या राखल्या. सित्लालीला बाप्तिस्म्याला त्याने हातावर घेतलं, तिचा पद्रीनो म्हणजे धर्मपिता झाला, त्या दिवसापासून आम्ही कोंपाद्रे. सख्ख्या भावापेक्षा वरचं नातं. अरे-तुरे होतो ते त्या दिवशी अहो-जाहो झालो, ती रीतच आहे. कामावरही तो माझ्याबरोबर असतो. माल छान कालवतो. पुढचा एक दात नाही आणि तोंड कायम उघडं.

आज एक कल्पना घेऊन आला होता. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला आपल्याकडे जसे प्रत्येक गोष्टीला पद्रीनो असतात, कुणी केकचा पद्रीनो होऊन केकचा खर्च उचलतो, कुणी बुटांचा, कुणी बँडचा, तसे कॉलेजला का नकोत?

"पहिल्या वर्षाचा मी," तो म्हणाला. "पुस्तकांना पोर्फिरिओ तयार आहे, त्याला वाचता येत नाही म्हणून हौस जास्त. आणि बेडूक कापायचे असतील तर ते मी पकडून आणीन, कोंपाद्रे, तेवढा खर्च वाचला."

मी हसलो नाही. मी त्याला आठवण दिली की तिच्या पंधराव्यालासुद्धा मी कुणाला पद्रीनो केलं नव्हतं. सगळं एकट्याने केलं. लहान केलं, पण एकट्याने.

"ते गाव विसरलेलं नाही," कुको म्हणाला. "आम्हाला बूटसुद्धा आणू दिले नाहीत तुम्ही."

त्याला फरक समजावून सांगितला. शिष्यवृत्ती म्हणजे तुम्हाला न ओळखणारी माणसं तुमच्या मुलीचं डोकं मापतात आणि मापात बसलं म्हणून देतात. पद्रीनो जमवणं म्हणजे टोपी फिरवणं. मी कितीतरी मुलींच्या बुटांचा, मुकुटांचा पद्रीनो झालो आहे. देणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहतो, ती माझी जागा आहे.

तो म्हणाला, बरं. ओफेलिया त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली ती बराच वेळ तिथेच बोलत राहिली. मिरचीच्या रोपांबद्दल बोलत होतो म्हणाली.

१२ डिसेंबर

ग्वादालुपेच्या मेरीमातेचा सण. चर्चमध्ये पहाटेची गाणी झाली, ओफेलियाने मेणबत्ती लावली. कशासाठी ते विचारलं नाही.

पानावरच्या तीन संस्था नाही म्हणाल्या. एका संस्थेच्या शेवटच्या फेरीत मात्र ती आहे. काल त्यांनी सित्लालीला फोनवर प्रश्न विचारले. मी शेजारीच बसलो होतो, पाठ सरळ. एका बाईने विचारलं, घरी सगळ्यात कठीण काय आहे? सित्लालीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, विशेष काही नाही. बाईने पुन्हा विचारलं, काहीच नाही? मला वाटतं, असं उत्तर त्यांनी आधी ऐकलं नसावं.

२२ जानेवारी

ती संस्थाही नाही म्हणाली. कारण देत नाहीत.

गावात धरपकडीची भीती आहे. मेक्सिकन दुकानात शनिवारी अर्धी गर्दी. आमच्या कामाला तरी डेल आहे. डेल गोरा, साठीचा, पाठ गेलेली. फरशीतलं त्याला काही कळत नाही. त्याच्याकडे गाडीचं लायसन्स आहे, आणि या राज्यात ते आम्हाला मिळत नाही. म्हणून मी त्याला रोज देऊन व्हॅन चालवायला ठेवला आहे. मी आणि कुको मागे बसतो. सिग्नलवर पोलीस शेजारी थांबला की डेल खिडकी खाली करून त्याला फुटबॉलचा निकाल विचारतो. लायसन्सविना सापडला की माणूस तुरुंगात, आणि तुरुंगातून थेट हद्दपारीवाल्यांच्या हातात. तिकडच्या आळीतली दोन माणसं अशीच गेली.

१८ फेब्रुवारी

सित्लालीला प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज, घरापासून बसने जाण्याजोगं, विषय रसायनशास्त्र. तिने मला पडद्यावर दाखवलं, खाली फी होती. तिप्पट.

पानावरची शेवटची संस्थाही त्याच दिवशी नाही म्हणाली. मी पान घडी करून खिशात ठेवलं. ओफेलियाने विचारलं, आता? मी म्हटलं, अजून यादी असेल. नाही, हे मला माहीत होतं.

मुलगी आत गेली आणि दार लावून घेतलं. गिरणीत रात्रपाळीला माणसं घेतात, खोटा नंबर चालतो, असं तिच्या मैत्रिणीने सांगितल्याचं ती परवा बोलली होती. मी ऐकलं नाही असं दाखवलं होतं.

१ मार्च, शनिवार

ओफेलिया हल्ली शनिवारी पहाटे उठून तमालेस करते, मक्याचं पीठ सारण भरून पानांत उकडलेलं. घरभर मक्याच्या पानांची वाफ. चर्चच्या छपरासाठी विकतात म्हणते. मी म्हटलं, छप्पर मागच्या वर्षीच नवं केलं. ती म्हणाली, गळतं.

कुको रविवारीही कामं घेऊ लागला आहे, स्वतःची, लहानसहान. सोमवारी डोळे लाल. कशाला एवढं, विचारलं तर म्हणे दात बसवायचा आहे, बायको कंटाळली.

१४ मार्च, शुक्रवार

मिस ऑलरेडने बोलावलं. मी, ओफेलिया, सित्लाली. तिने दार लावलं आणि सांगितलं, एक निधी आहे, इथल्याच काही लोकांचा. त्यांनी सित्लालीला निवडलं आहे. पहिल्या वर्षाची पूर्ण फी, पुस्तकंही. कागद विचारत नाहीत.

मी विचारलं, संस्थेचं नाव काय? ती म्हणाली, त्यांना नाव जाहीर करायचं नाही. मी विचारलं, निवड कशावर केली? ती ओफेलियाकडे बघून म्हणाली, "ते तिला ओळखतात. म्हणजे, तिच्याबद्दल त्यांना सगळं माहीत आहे."

मी समजलो. नदीचा निबंध. मी तेव्हाच म्हटलं होतं. बाईला माझ्या नजरेला नजर देता येईना. घराची गोष्ट सांगावी लागेल असं तिने किती ठासून म्हटलं होतं, ते आठवलं असणार. मी मोठेपणा दाखवून तो विषय काढला नाही. त्या लोकांच्या घरी किंवा कचेरीत एक फरशी मी फुकट बसवून देईन, असा निरोप मात्र दिला. ती म्हणाली, कळवते.

सित्लाली रडली. आनंदाने रडताना माणूस बापाकडे बघतो असं मला वाटत होतं. ही आईकडे बघत होती. नम्र आहे मुलगी.

२० एप्रिल, ईस्टर

जेवण कुकोच्या अंगणात. त्याची बायको मेचे, म्हणजे आमची कोमाद्रे, हिने बकरा केला होता. पोर्फिरिओ आणि त्याची बायको, आणखी दोन घरं, सगळी आपलीच माणसं. बिअर झाल्यावर मी उठलो. मला बोलायला आवडत नाही, पण आज बोलायला हवं होतं. म्हटलं, मुलीला शिष्यवृत्ती मिळाली हे तुम्हाला कळलंच आहे. एक लक्षात ठेवा. या घराने कुणापुढे टोपी फिरवली नाही. तुमच्यातल्या काहींनी प्रेमाने पद्रीनो जमवू म्हटलं होतं; मी नाही म्हटलं ते बरोबर ठरलं. ज्यांना ती माहीतही नाही अशा लोकांनी तिचं डोकं मापून दिलं. तुमची मुलंही अशीच वाढवा, म्हणजे लोकांच्या चिल्लरीवर बसावं लागणार नाही.

एक मूल चमचा वाजवत होतं. मग कुकोने बाटली उचलली आणि म्हणाला, "हो तर. डोकं तिचंच आहे, कोंपाद्रे. त्यात आमच्यातल्या कुणाचंच काही नाही."

सगळे हसले. पोर्फिरिओ हसला नाही. त्याने टोपी घातली, बायकोला उठवलं आणि बकरा ताटात सोडून गेला. तो असाच, दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. ओफेलिया आत भांडी घासत होती. मी गेलो तर पाठ वळवून उभी राहिली. सित्लाली फाटकाबाहेर जाऊन बसली होती.

६ मे

कुको आता रोज संध्याकाळीसुद्धा दुसरं काम करतो. आज व्हॅनमध्ये तोंड उघडं टाकून झोपला. दाताची जागा अजून रिकामी आहे. डेल म्हणाला, हा माणूस मरायला टेकलाय, बॉस. मी म्हटलं, लोभाला औषध नाही.

१७ मे, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मिसेस टॅलीचा फोन आला. विधवा बाई, मी तिचं स्वयंपाकघर केलं होतं. म्हणाली, तुमच्या माणसाने मागचा व्हरांडा केला, फरशी हलते. मी व्हरांडा घेतलाच नव्हता. गेलो. थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकली. तिसरी पोकळ बोलली, चौथी पोकळ, पुढची पूर्ण रांग पोकळ. एक उचकटली. खाली माल सगळीकडे ओढलेला नव्हता. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मध्ये हवा. घाई असलेला माणूस करतो तसं. आणि त्याने ते माझ्या नावावर घेतलं होतं, बार्रागानचा माणूस म्हणून.

कुकोला तिथेच बोलावलं. बाई दारात, डेल गाडीपाशी. मी त्याच्यासमोर एकेक फरशी काढून अंगणात फेकली. तो म्हणाला, घाई झाली, कोंपाद्रे, मी उद्या पुन्हा करून देतो, माझ्या खर्चाने. मी विचारलं, कसली एवढी घाई? तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं आता काहीतरी बोलणार. मग हिरडी दाखवून म्हणाला, "दात."

मी म्हटलं, "तू चोर आहेस. माझ्या नावाचा चोर. उद्यापासून माझ्या गाडीत बसायचं नाही."

त्याला चोरापेक्षा 'तू' जास्त लागलं असावं. बाप्तिस्म्यापासून आजवर मी त्याला तसं बोललो नव्हतो. तो वाकून माल कालवायची बादली उचलायला गेला. ती माझी होती. मी काही म्हटलं नाही, पण त्याने ती खाली ठेवली. रस्त्याच्या कडेने चालत गेला.

मी बरोबर आहे. पोकळ फरशी आज ना उद्या फुटते.

२४ मे

शाळेचा समारंभ. सित्लाली दुसरी आली. निळा झगा, टोपी. कुको मैदानाच्या मागच्या कुंपणाशी उभा होता, आत आला नाही. झगा घालून मुलगी धावली ती आधी त्याच्याकडे. मी आणि ओफेलिया फुलं घेऊन उभे. त्याने तिच्या टोपीचा गोंडा सरळ केला आणि निघून गेला. मी तिला म्हटलं, गेल्या आठवड्यात ज्याला बापाने हाकललं त्याच्याकडे आधी जायचं हे कुणी शिकवलं? ती म्हणाली, "अपा, आज नको."

ऐकलं की त्याला शेजारच्या काउंटीत काम मिळालं आहे, छपरांचं. स्वतः गाडी चालवत जातो. जाऊ दे. डेलची किंमत कळेल.

५ जून, गुरुवार

कुकोला पकडलं. काल पहाटे, कामावर जाताना, हायवेच्या उतारावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. लायसन्स नाही. रात्रीत त्याला दक्षिणेला हलवलं, हद्दपारीवाल्यांच्या कोंडवाड्यात. मेचेला कळायला दिवस गेला.

मी कामावर गेलो नाही. डेलने व्हॅन आणून दारात उभी केली आणि मागचं रिकामं सीट बघत तसाच बसून राहिला. मी म्हटलं, आज नाही. तो म्हणाला, "रस्ता मला माहीत होता. त्या उतारावर महिन्यातून दोनदा उभे असतात. मी नेहमी आतल्या रस्त्याने नेत होतो तुम्हाला. त्याला कुणी सांगितलं नसेल."

८ जून, रविवार

लिहायला हात उचलत नाही. पण जमीन कशी होती ते लिहून ठेवतो असं मी म्हटलं होतं.

दुपारी जेवताना मी म्हटलं, कुकोचं वाईट झालं, वकिलाला जे लागेल ते मी देईन, व्हॅन गहाण टाकून देईन. आणि म्हटलं, एवढं बरं की सित्लालीचं कॉलेज या सगळ्यातून वेगळं आहे. तो निधी तरी सुरक्षित आहे.

ओफेलियाने चमचा खाली ठेवला.

"सांग," ती मुलीला म्हणाली. "की मी सांगू?"

सित्लालीने सांगितलं. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. निधी म्हणजे कुको. निधी म्हणजे पोर्फिरिओ, मेचे, ईस्टरला अंगणात होती ती दोन घरं, आणि शनिवारचे तमालेस. ऑक्टोबरपासून. ते सगळे पैसे मिस ऑलरेडकडे नेऊन द्यायचे. मला कळलं तर मी ते परत करीन म्हणून मला सांगायचं नाही असं कुकोने सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं. ईस्टरला माझं भाषण ऐकून पोर्फिरिओने हात काढून घेतला. चिल्लर ज्याची त्याला, म्हणाला. त्याचा वाटा कुकोने अंगावर घेतला. म्हणून संध्याकाळची कामं. म्हणून मिसेस टॅलीचा व्हरांडा.

"त्या फरशीखाली माल कमी पडला अपा," ती म्हणाली, "कारण तो त्या रात्री तिसऱ्या कामावर होता."

मी विचारलं, आणि नदीचा निबंध? मूर्खासारखं विचारलं. तेवढंच सुचलं.

"तो कुणालाच आवडला नाही," ती म्हणाली. "डिसेंबरमधल्या बाईंनी मिस ऑलरेडला सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण तिला गरज दिसत नाही."

ओफेलिया ताटं उचलू लागली. मी म्हटलं, तू तरी मला सांगायचंस. ती म्हणाली, "तुम्हाला?" एवढंच.

१५ जून, रविवार

आठवडाभर वकील, फोन. काही होण्यासारखं नाही. कुकोवर जुना हद्दपारीचा हुकूम होता, तरुणपणी सरहद्दीवर सापडला होता तेव्हाचा. त्यालाही ते माहीत होतं. ते माहीत असून तो रोज गाडी चालवत गेला.

सित्लालीने परवा सांगितलं, कॉलेज नको. निधीत जे आहे ते कोमाद्रेला द्या, मी गिरणीत जाते. मी तिला अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवू? मिस ऑलरेडने सित्लालीची सही घेऊन पैसे परत दिले. आज मी आणि सित्लाली ते घेऊन मेचेकडे गेलो.

ती कपडे खोक्यांत भरत होती. बसा म्हणाली नाही. मी उभा राहूनच बोललो. कोमाद्रे, हे तुमचं आहे. तिने पाकीट बघितलं, हात लावला नाही.

"हे माझं कसं? हे मुलीचं आहे."

मी म्हटलं, कुकोला गावी पाठवतील, तुम्हालाही जायला लागेल, घर मांडायला लागेल.

"तो तिच्या पहिल्या वर्षाचा पद्रीनो आहे," मेचे म्हणाली. "पद्रीनो झालेला माणूस मागे फिरत नाही. आज मी हे परत घेतलं तर तो तिचा कोण राहिला? त्याचं काम गेलं, घर गेलं, आता हेही काढून घेता?"

मी म्हटलं, कोमाद्रे, मला तोंड दाखवायला जागा नाही. निदान हे तरी घ्या.

"तुम्हाला लाज वाटते म्हणून मी पैसे घेऊ?" ती म्हणाली. "लाज तुमची आहे, फाउस्तिनो बार्रागान. ती तुम्ही ठेवा. ती पहिल्यांदाच कुणीतरी तुम्हाला दिली आहे, तेव्हा परत करू नका."

मग तिने सित्लालीला जवळ घेतलं आणि दोघी त्या खोक्यांमध्ये खाली बसल्या. मी अंगणात जाऊन थांबलो. तिथे ईस्टरच्या जेवणाचं लांब टेबल अजून तसंच होतं, पावसाने फुगलेलं.

परत येताना सित्लाली म्हणाली, ती ऑगस्टमध्ये जाणार. एक वर्ष आहे तेवढं करणार. पुढच्या वर्षाचं विचारू नका.

२२ जून, रविवार

पोर्फिरिओकडे गेलो. पद्रीनो मागायला जातात तसा, पावाची टोपली घेऊन, ओफेलियाला बरोबर घेऊन. दारात टोपी काढली. आयुष्यात एकदाच, बाप्तिस्म्यासाठी, अशी काढली होती. म्हटलं, दुसऱ्या वर्षासाठी विचारायला आलो आहे, आणि ईस्टरला जे बोललो ते चूक होतं.

त्याने ऐकून घेतलं. पाव घेतले, बायकोच्या हातात दिले. पाव परत करणं पाप आहे. मग म्हणाला, विचार करतो. त्याने आम्हाला आत बोलावलं नाही. दार मात्र लोटलं नाही, आम्ही फाटकाबाहेर जाईपर्यंत उभा होता. त्याचा अर्थ काय ते मला सांगता येत नाही, आणि ओफेलियाला मी विचारलं नाही.

३ जुलै

संध्याकाळी फोन वाजला, नंबर मेक्सिकोचा. कुको होता. मी बसलो होतो तो उठून उभा राहिलो.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, पूर्वीसारखंच.

गावी पोचला आहे. आईच्या घरी आहे. गावात पोरं-सोरं कुणी उरलेलं नाही म्हणतो, म्हातारी आणि कुत्री. कुत्रीसुद्धा त्याच्यावर इंग्रजीत भुंकतात, असं म्हणाला, पण स्वतः हसला नाही. मेचे पुढच्या महिन्यात जाईल.

या फोनसाठी मी शब्द जुळवून ठेवले होते, खोडून पुन्हा लिहिले होते. मिसेस टॅलीचा व्हरांडा मी पूर्ण केला, तिथून सुरुवात केली. त्याने मला थांबवलं.

"ते राहू द्या. मुलीला सांगा, तिचा पद्रीनो जिथे होता तिथेच आहे. तिने खाली मान घालून अभ्यास करावा."

सांगतो, मी म्हटलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तुमचं काय करायचं," तो म्हणाला, "ते मी अजून ठरवलेलं नाही." आणि फोन ठेवला.

सित्लाली दारात उभी होती. काय म्हणाला, तिने विचारलं. मी तिला तिच्यापुरतं सांगितलं.